अकराशे

रात्री पावणेदोनला खिडकीतून आत आली
जांभळ्या झाकणाची बाटली.
लेबलावर घाईतलं अक्षर: ईरेश म्हमाणे, एकोणीस, पुरुष.
मशीननं आकडा दिला:
पांढऱ्या पेशी अकराशे.

बाटली हलकेच उलटीसुलटी केली, पुन्हा लावली.
मशीन जुनं आहे, कधीकधी थापा मारतं.
अकराशे.

एवढ्या तापात पेशी वाढतात.
वीस हजार असत्या तर मी जांभई देत सही केली असती.

सिद्राम वॉर्डबॉय दारात टेकून सांगत होता:
अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात
शिवणीवर आहे पोरगा.
मानेवर फोड आला, ज्वारीच्या दाण्याएवढा.
त्यानं पिळला.
(कोण नाही पिळत?)
चौथ्या दिवशी खोकल्यातून रक्त.

काचेवर थेंब ओढला, रंगवला, धुतला.
भिंगाखाली पेशी कमी, डाग जास्त.

पुस्तकात हे दोनच ओळींत आहे.
दोन तुकडे, एकेकटे असताना गरीब,
पेशीच्या अंगावर येऊन एकमेकांना धरतात,
एकाआड एक, आठांचं कडं,
आणि कड्याच्या मधोमध भोक.
चावत नाही, जाळत नाही,
नुसतं दार उघडं ठेवतं.
पाणी आत शिरतं, पेशी फुगते,
आणि जंतू गिळायला निघालेली ती
त्याच्यासमोरच फुटते,
पोटातलं सगळं तिखट
शेजारच्या मांसावर सांडत.
फुप्फुस अर्धंअधिक आपल्याच तिखटानं भाजतं.

दुसरं एक विष रक्तवाहिनीच्या अस्तराला लागतं.
तिथं पेशी हातात हात घालून बसलेल्या असतात.
ते हात सुटतात.
रक्त वाट सोडतं.

मी विणकराची पोर, मला जिथंतिथं कापड दिसतं.
शरीर म्हणजे कापड नव्हे, हे मला परीक्षेपुरतं पाठ आहे.
तरी त्या रात्री नान्ना आठवले:
साखर पेठेतल्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग खडखडत असताना
एक धागा तुटला तरी त्यांना आवाजावरून कळायचं.
'दारम तेगिंदी,' म्हणत माग थांबवायचे,
बोटाला थुंकी लावून गाठ मारायचे.
पुढं त्यांना काहीच ऐकू येईना, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी थाळी उघडली.
मेंढीच्या रक्ताची लाल थाळी, तिच्यावर सोनेरी ठिपके,
सराफाच्या काचेत शोभावेत असे.
प्रत्येकाभोवती स्वच्छ वर्तुळ,
तिथलं रक्त विरघळून गेलेलं.
थाळी उजेडाला धरली तर वर्तुळातून
पलीकडची खिडकी दिसली, खिडकीतला कडुलिंब.
सुंदर म्हणू नये.
मी म्हटलं, मनात.

फोनवर डॉक्टर मुनव्वर म्हणाले,
'मारायचं औषध चालू आहेच.
आता त्यांचा कारखाना बंद पाडणारं जोडतो.'
असं एक औषध असतं, जंतूला विष घडवूच देत नाही.
पण 'कारखाना बंद' हे शब्द
आमच्या गावात असे सहज कुणी बोलत नाही.
मी जरा वेळ रिसीव्हर धरून राहिले.

खिडकीशी त्याची आई.
बोटं विडीच्या तंबाखूनं पिवळी, नखाशी काळी.
'रिपोर्ट बरा आला का बाई?'
'जंतू सापडला.'
'मग काढून टाका की.'

तिसऱ्या दिवशी अठराशे.
चौथ्या दिवशी बत्तीसशे; सही करताना पेन
कागदात रुतलं.
पाचव्या दिवशी नमुना आला नाही.

नमुना न येण्याचे तीन अर्थ होतात.
घरी सोडलं. पुण्याला हलवलं.
सिद्रामची पाळी बदलली होती.
फोन हाताच्या अंतरावर होता.

मी थाळ्या गोळा केल्या, ऑटोक्लेव्हमध्ये रचल्या,
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
आत वाफ घुमू लागली, झाकण थरथरलं.
मी कान देऊन उभी राहिले.
एवढ्या आवाजात
मला काही कळलं नाही.